लक्षणांवरचा पहारा उठवताना: कंबरदुखीच्या सराववहीच्या प्रकल्प नोंदी

कामाचं स्वरूप: जुनाट कंबरदुखी असलेल्यांसाठी आठ आठवड्यांची मराठी सराववही आणि सोबत तीन ध्वनिफिती. विषय एकच, दुखण्यावर चोवीस तास खिळलेलं लक्ष, म्हणजे आमच्या भाषेत ‘पहारा’, कसं सोडवायचं. व्यायामांची चित्रं आणि आहाराचे तक्ते यात नाहीत. ते हवे तेवढे मिळतात.

३ फेब्रुवारी २०२५. वही कोणासाठी, कोणासाठी नाही

पहिलं पान ठरल्याशिवाय पुढचं काही लिहायचं नाही, असं ठरलं. हे पान म्हणजे धोक्याच्या खुणा: लघवी तुंबणं किंवा लघवी-शौचावरचा ताबा जाणं, जांघेत आणि गुदद्वाराभोवती बधिरपणा, पायातली ताकद दिवसेंदिवस कमी होणं (चालताना चप्पल निसटणं, पाऊल फरफटणं), ताप, कारण नसताना वजन उतरणं, पूर्वी झालेला कर्करोग, पडणं किंवा अपघात, हाडं ठिसूळ असताना अचानक उठलेली कळ, कुठल्याही कुशीवर न थांबणारं रात्रीचं दुखणं. आपल्याकडे मणक्याचा क्षय अजून दिसतो, म्हणून संध्याकाळचा बारीक ताप आणि रात्रीचा घाम ही ओळ वेगळी टाकली. चाळिशीच्या आत सुरू झालेलं दुखणं, सकाळी अर्ध्या तासापेक्षा जास्त आखडणं आणि हालचाल केल्यावर मोकळं वाटणं, हे सांध्यांच्या दाहाचं लक्षण असू शकतं. त्याला संधिवाततज्ज्ञ लागतो, वही नाही. ताबा जाणं, बधिरपणा किंवा ताकद जाणं यापैकी काही असेल तर त्याच दिवशी रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठायचा.

दुसरं पान उलट बाजूचं. तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेलं किंवा पुन्हा पुन्हा येणारं दुखणं जुनाट समजतात. आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने २०१७ साली ऊतींची इजा आणि नसांची इजा यांच्या जोडीला वेदनेचा तिसरा प्रकार मान्य केला: इजेचा ठोस पुरावा नाही, पण वेदना जाणवण्याची व्यवस्थाच बदललेली आहे. आपली वही या तिसऱ्या प्रकारासाठी आहे. तो ओळखायला नुसतं ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ पुरत नाही. रिपोर्ट नॉर्मल म्हटलं की माणसाला वाटतं, म्हणजे यांना सापडलंच नाही. त्याला होकारार्थी खुणा द्याव्या लागतात. दुखणं डावीकडून उजवीकडे सरकतं. ऑफिसच्या खुर्चीत दुखतं आणि तशाच खुर्चीत तीन तास नाटक बघताना दुखत नाही. काम करताना काही नाही, पण दुसऱ्या दिवशी दुखेल या धास्तीने दुसऱ्या दिवशी दुखतं. ताणाच्या आठवड्यात वाढतं. आधी कधीतरी अर्धशिशी, पोटाच्या तक्रारी किंवा मानदुखी होऊन गेलेली असते. यातली एकच खूण असेल तर तिच्यावर भिस्त ठेवायची नाही. तीन-चार जुळल्या आणि डॉक्टरांनी नीट तपासलेलं असलं, तरच पुढचं पान.

एमआरआयबद्दल एकच परिच्छेद. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात ३३ अभ्यासांतल्या ३,११० माणसांच्या मणक्यांची चित्रं एकत्र पाहिली होती. ही सगळी माणसं कंबर न दुखणारी. तरी वयाच्या विसाव्या वर्षी ३७ टक्क्यांच्या मणक्यांमधल्या चकत्यांत झीज, ऐंशीव्या वर्षी ९६ टक्क्यांच्या. चकतीचा फुगवटा ३० टक्क्यांपासून ८४ टक्क्यांपर्यंत. ‘मणक्यात गॅप आलाय’ हे वाक्य ज्यांना वर्षानुवर्षं पुरलंय, त्यांना हे आकडे दाखवायचे. मात्र ‘नस दबलीये’ हे कधीकधी खरंच असतं: कळ पायातून ठरावीक पट्ट्यात उतरते, बधिरपणा असतो, पाऊल उचलायची ताकद कमी होते. ते वेगळं प्रकरण, ते पहिल्या पानावर परत.

इतकी काथ्याकूट का, तर शंका शिल्लक राहिली की पहारा उठत नाही. एकदा कसून तपासणी; नंतर त्याच शंकेसाठी दुसरं, तिसरं मत नाही.

१० फेब्रुवारी. पायाचा मजकूर

दीड पानाच्या वर जायचं नाही, असा दंडक. वाचक हा भाग वाचून थांबतो आणि पुढचे सराव करतच नाही, हा या विषयातला जुना रोग आहे.

मांडणी अशी. मेंदू शरीराकडून येणारे संदेश तोलतो आणि धोका वाटला तर वेदना निर्माण करतो. संदेश आणि वेदना यांचं प्रमाण ठरलेलं नसतं. १९६५ साली मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी मज्जारज्जूत संदेश कमी-जास्त करणारी व्यवस्था असते असं मांडलं, तिथून हे शास्त्र बदललं. भीती आणि लक्ष ही दोन्ही धोक्याचा अंदाज वाढवतात. २००० साली व्लायेन आणि लिंटन या वेदना-अभ्यासकांनी मांडलेलं चक्र वहीत काढलं आहे: दुखलं, भयंकर अर्थ लावला, घाबरलो, शरीरावर पाळत ठेवली, हालचाल टाळली, शरीर अशक्त आणि मन चिडचिडं झालं, पुन्हा दुखलं. आपली वही या चक्रातल्या पाळत ठेवण्याच्या जागी हात घालते.

पुरावा म्हणून अमेरिकेतल्या कोलोरॅडोतला बोल्डरचा प्रयोग दिला, कारण तो नेमका याच पद्धतीचा आहे. २०२१ साली प्रसिद्ध झाला, १५१ जण. डॉक्टरांचं एक सत्र आणि चार आठवड्यांत समुपदेशनाची आठ सत्रं. शेवटी दुखणं दहापैकी ० किंवा १ वर आलेले: या गटात ६६ टक्के, बनावट इंजेक्शनच्या गटात २० टक्के, नेहमीचे उपचार चालू ठेवलेल्यांत १० टक्के. लगेच खाली मर्यादाही लिहिली: सुरुवातीचं दुखणं सरासरी चारच्या आसपास, बहुतेक माणसं शिकलेली आणि खाऊनपिऊन सुखी, आणि उपचार प्रशिक्षित माणसाने केलेले. वही म्हणजे ती सत्रं नव्हेत.

पाठदुखीचे अमेरिकन डॉक्टर जॉन सार्नो यांचं नाव घ्यायचं की नाही यावर बराच वेळ गेला. घ्यायचं. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी दाबलेल्या भावना आणि पाठदुखी यांचा संबंध लावला आणि रुग्णाला हिंडाफिरायला लावलं, हे श्रेय त्यांचंच. स्नायूंना प्राणवायू कमी पडतो हे त्यांचं स्पष्टीकरण मात्र सिद्ध झालेलं नाही. ते वहीत नाही.

१७ फेब्रुवारी. पहाऱ्याची यादी

वहीचा गाभा इथून सुरू होतो. माणसाला विचारलं, ‘दुखण्याकडे किती लक्ष असतं?’ तर तो म्हणतो, ‘छे हो, मी तर विसरायचाच प्रयत्न करतो.’ कारण पहारा सवयीने चालतो, त्याला तो दिसत नाही. म्हणून मोघम प्रश्न नको, कृतींची यादी हवी.

उघड पहारा: कंबरेवर अंगठा दाबून बघणं. वाकण्याआधी हात टेकून अंदाज घेणं. बसण्याची जागा निवडताना आधी खुर्चीची पाठ बघणं. पट्टा. खिशात मलमाची ट्यूब. रिपोर्ट पुन्हा काढून वाचणं. फोनवर लक्षणं शोधणं, कंबरदुखीचे व्हिडिओ, समदुःखी लोकांचे व्हॉट्सअॅप ग्रुप. घरच्यांना ‘आज जरा जास्तच आहे’ हे सांगणं.

लपलेला पहारा: कालच्याशी आजची तुलना. प्रत्येक कार्यक्रमाआधी मनातल्या मनात हिशेब, ‘दोन तास बसवेल का?’ दुखत नसताना ‘आत्ता का दुखत नाहीये?’ असं शोधणं. हे शेवटचं सर्वांत चिवट, कारण ते चांगल्या दिवशीच येतं.

आणि सकाळची झाडाझडती. ही यादीत सर्वांत वर लिहिली, थोडी उलगडून. जाग येते, डोळे अजून मिटलेलेच असतात, पांघरुणाखाली माकडहाड किंचित गादीत दाबलं जातं, मग कंबर जराशी उचलली जाते, मग एक गुडघा वर. ‘आहे का?’ हा प्रश्न शब्दांत येण्याआधीच अंगाने विचारलेला असतो. आणि रात्रभर पडून राहिलेल्या कंबरेत काही ना काही जाणवतंच, कोणाच्याही. म्हणजे उत्तर दररोज ‘आहे’ असंच येणार. दिवसाचा पहिला निष्कर्ष हा.

काम: तीन दिवस फक्त पहाऱ्याच्या कृती मोजायच्या. दुखणं मोजायचं नाही. वहीत कप्पा नाही, खिशातल्या कागदावर उभ्या रेघा, पाचवी आडवी. तीनच दिवस, कारण चौथ्या दिवसापासून मोजणं हाच नवा पहारा होतो. रेघा खूप निघाल्या की माणूस खजील होतो, म्हणून खाली ठळक ओळ: आकडा मोठा असणं म्हणजे सुधारायला जागा मोठी असणं, बाकी काही नाही.

२४ फेब्रुवारी. दुखण्याची रोजची नोंद नाही

आराखड्यातला दुखण्याचा रोजचा ० ते १० चा रकाना काढून टाकला. तपासणीच्या खोलीत डॉक्टरांना तो आकडा लागतो; घरी रोज रात्री तो भरायचा म्हणजे दिवसभर त्याची तयारी करायची. ‘दुपारी सहा होतं, आता पाच म्हणू का साडेपाच?’ दूध उतू जाईल म्हणून गॅसपुढे उभं राहावं, तसं हे.

बदली दोन गोष्टी. एक, सुरुवातीला, चौथ्या आणि आठव्या आठवड्याच्या शेवटी वेदनेबद्दलच्या भयंकर विचारांची प्रश्नावली. सुलिव्हन आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली केलेली, १३ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४, एकूण ५२. यात एकच विचार घोळत राहण्याचे चार प्रश्न आहेत. आपल्याला मुख्यतः त्यांचीच बेरीज बघायची आहे. पहारा खरोखर उतरतोय का, हे दुखण्याच्या आकड्याआधी इथे दिसतं.

दोन, माणसाने स्वतः निवडलेली तीन ते पाच कामं आणि ती किती जमतात याचे ० ते १० गुण, पंधरा दिवसांतून एकदाच. कामं नेमकी हवीत. ‘फिट व्हायचंय’ चालणार नाही. चालणारी उदाहरणं: जमिनीवर मांडी घालून एक पंगत जेवणं, उभ्याने आरती संपेपर्यंत थांबणं, एसटीने चार तास प्रवास, वाकून केर काढणं, नातवंडाला कडेवर घेऊन जिना चढणं.

नेहमी बिघडतं ते इथे: माणूस गुण भरतो आणि समासात ‘पण दुखलं’ असं लिहितो. समास ठेवायचाच नाही. छापखान्याला तशी सूचना.

३ मार्च. पहारा उठवण्याच्या पायऱ्या

‘दुखण्याचा विचार करू नका’ हा सल्ला वहीत कुठेही येणार नाही. १९८७ साली मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका म्हणून सांगितलं आणि अस्वल पुन्हा पुन्हा येत राहिलं. विचार हाकलायचा म्हटलं की तो आलाय का हे बघायला कोणीतरी दारावर बसवावा लागतो. म्हणून विचाराला हात लावायचा नाही, कृतीला लावायचा. तपासण्याची हुक्की येऊ दे. हात मागे ठेवायचा.

पद्धत लांबणीवर टाकण्याची आहे. यादीतली सर्वांत सोपी कृती आधी. दुसऱ्या आठवड्यात हुक्की आली की दहा मिनिटं थांबायचं, हातातलं काम चालू ठेवून. दहा मिनिटांनी वाटलंच तर तपासावं, ओरडायला कोणी नाही. तिसऱ्या आठवड्यात अर्धा तास. चौथ्यात दुपारच्या जेवणापर्यंत. बहुतेक वेळा मधेच विसरायला होतं, आणि विसरणं हेच तर हवं आहे.

सकाळच्या झाडाझडतीसाठी वेगळी चाल: जाग आली की कंबरेला काहीही विचारण्याआधी पाय जमिनीवर, सरळ स्वयंपाकघरात, चहाचं आधण. तपासायचंच असेल तर चहा झाल्यावर. ज्यांना उठताना चक्कर येते त्यांनी मिनिटभर काठावर बसावं, तेवढा अपवाद.

पट्टा: शस्त्रक्रियेनंतर किंवा हाड मोडल्यावर दिलेला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. ‘आधार बरा वाटतो’ म्हणून वापरात असलेला पट्टा आधी बसून टीव्ही बघताना तासभर काढायचा, मग स्वयंपाक करताना, मग चालताना, सर्वांत शेवटी दुचाकीवर. उतरवून ठेवलेला पट्टा नजरेसमोर खुंटीवर नको.

रिपोर्ट: एमआरआयच्या फिल्मची ती मोठी पिशवी माळ्यावर. टाकून द्यायची नाही, पुढे डॉक्टरांना लागू शकते.

फोन: ‘कंबरदुखी’ शोधलेला इतिहास पुसायचा, अशा व्हिडिओंना ‘यात रस नाही’ करायचं. एक-दोन व्हिडिओ बघितले तरी पुढचा आठवडाभर तेच समोर येतात, हे लोकांच्या ध्यानातच येत नाही. त्यांना वाटतं, जगात सगळ्यांचीच कंबर गेलीये.

गोळ्या: वहीतून एकही औषध कमी करायला सांगायचं नाही. प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन, ट्रॅमाडॉल ही औषधं एकदम बंद केली तर त्रास होतो. हा बदल डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, हळूहळू. वहीत एवढंच: ‘बाहेर जाताना न लागणारं मलम घरी ठेवा.’

सावधगिरीची ओळ चौकटीत: तपासणं थांबवलं की पहिले काही दिवस हुक्की वाढते, कधी दुखणंही जास्त जाणवतं. सवय तुटताना असं होतं. ‘उपाय लागू पडला नाही’ असा अर्थ लावून इथेच बरेच जण वही मिटतात.

६ मार्च. घरच्यांचं पान

स्वतंत्र, फाडून फ्रिजवर लावता येईल असं. मानसशास्त्रज्ञ फोर्डायस यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिलं की काळजीपोटी केलेली मदत आणि विचारपूसही दुखण्याभोवतीचं वागणं घट्ट करते. आपल्या घरांत विचारपूस म्हणजे माया, त्यामुळे ‘विचारू नका’ म्हटलं की माणसं दुखावतात. म्हणून न विचारण्याऐवजी दुसरं काय विचारायचं ते द्यायचं.

‘आता कसं आहे कंबरेचं?’ याऐवजी ‘आज काय काय केलंस?’ ‘तू वाकू नकोस, मी भरते पाणी’ याऐवजी गप्प राहून तिला तिच्या वेगाने भरू देणं. ‘अहो, जपून!’ याऐवजी काहीच नाही. हे ‘काहीच नाही’ सर्वांत अवघड जातं. कंबर दुखणाऱ्याने स्वतः एकदाच सांगायचं वाक्य असं: ‘आई, माझ्या कंबरेची चौकशी फक्त रविवारी कर. बाकी दिवस मला काहीही विचार.’ कोणी फोनवर विचारलंच तर ‘चाललंय’ म्हणून विषय बदलायचा. सविस्तर बातमीपत्र द्यायचं नाही.

१२ मार्च. ध्वनिफीत २: निर्धास्त निरीक्षण

पहारा उठवायचा आणि त्याच वहीत दुखण्याकडे बघायलाही सांगायचं, हा विरोधाभास वाटतो. सगळे हाच प्रश्न विचारतात. फरक बघण्याच्या कारणात आहे. पहारेकरी धोका शोधायला बघतो. इथे धोका नाही हे गृहीत धरून, कुतूहलाने, थोडा वेळ बघायचं आणि निघून जायचं.

संहिता, पाच मिनिटांची, अशी ठरली:

‘आरामात बसा किंवा आडवे व्हा. डोळे मिटा किंवा उघडे ठेवा. श्वास जसा येतोय तसा येऊ द्या. आता कंबरेत जिथे जाणवतंय तिथे लक्ष हलकेच न्या. काय आहे ते? ओढ, ठणका, ऊब, मुंग्या? जागा केवढी आहे, बोटाएवढी की तळहाताएवढी? कडा स्पष्ट आहेत की विरत गेल्यात? एका जागी आहे की सरकतंय? आपल्याला काही बदलायचं नाहीये. वाढलं तरी चालेल, कमी झालं तरी चालेल, आहे तसंच राहिलं तरी चालेल. तुमची कंबर सुरक्षित आहे. मेंदू जरा जास्तच सावध झालाय, एवढंच. आता लक्ष तळपायांकडे न्या. आता खोलीतल्या आवाजांकडे, पंखा, रस्त्यावरची रिक्षा. आता उठा आणि तुमच्या कामाला लागा.’

शेवटचं वाक्य मुद्दाम रोखठोक. इथे मंद बासरी घातली की लोक पडून राहतात आणि पुन्हा कंबर तपासतात. संगीत नाही. प्रत्येक प्रश्नानंतर सहा ते आठ सेकंद शांतता. त्याहून जास्त ठेवली की निरीक्षणाची झाडाझडती होते.

कधी करायचं: दुखणं कमी ते मध्यम असताना, दिवसातून एक-दोनदा. तीव्र असताना करायचंच नाही. तेव्हा शेक, कूस बदलणं, गप्पा, रेडिओ, जे बरं वाटेल ते. तीव्र दुखण्यात बसवून ‘धोका नाही’ म्हणायला लावलं तर मेंदूला ते खोटं वाटतं आणि पुढच्या वेळी शांत असतानाही पटत नाही.

बिघडतं कसं: सराव संपताच ‘गेलं का?’ म्हणून बघितलं जातं. म्हणजे सरावाची गोळी केली. याला उपाय सरावातच आहे, ‘गेलं का?’ हा विचारही आला तर आला, त्याला उत्तर द्यायचं नाही. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६पासून दहा दिवसांची विपश्यना शिबिरं चालतात, तिथल्या साधकांना हे ओळखीचं वाटेल. ही शिबिरं सुरू करणारे सत्यनारायण गोयंका स्वतः अर्धशिशीने हैराण होऊन ब्रह्मदेशात विपश्यनेचे शिक्षक ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तेव्हा केवळ डोकेदुखी घालवायला येणार असाल तर नको, असंच त्यांना आधी सांगितलं गेलं होतं. मात्र जुनाट दुखण्यात पहिलाच सराव म्हणून दहा दिवस सबंध अंगाची पाहणी करायला जावं, असं आम्ही सुचवणार नाही. ज्याची सवयच अंग चाचपण्याची आहे, त्याला पाच मिनिटं पुरे.

२० मार्च. वाकण्याच्या पायऱ्या

लक्ष सुटायला कंबर वापरात यावी लागते. नुसतं बसून विश्वास बसत नाही.

वाकण्याचा क्रम: खुर्चीत बसून हात गुडघ्यांच्या खाली नेणं, उभ्याने पाटावर ठेवलेली वस्तू उचलणं, जमिनीवरची चप्पल उचलणं, दोन लिटर पाणी असलेली बादली, पाच लिटर, मग घरातली नेहमीची. प्रत्येक पायरी दिवसातून पाच-सहा वेळा, सलग तीन दिवस कमी भीतीने जमली की पुढची. कसोटी भीती कमी होण्याची आहे, दुखणं शून्य होण्याची नाही. श्वास रोखून, पोट आवळून, पाठ फळीसारखी ताठ ठेवून वाकलं तर तीही पाळतच. मोकळं वाकायचं, बोलता बोलता.

चालणं आणि बसणं वेळेवर बांधायचं, दुखण्यावर नाही. बऱ्या आणि वाईट दिवसांची सरासरी काढून तिच्या चार-पंचमांश वेळेपासून सुरुवात. वीस मिनिटं सरासरी असेल तर सोळा. बरं वाटतंय म्हणून चाळीस चालायचं नाही, दुखतंय म्हणून पाचवर परतायचं नाही. आठवड्याला साधारण दहा टक्के वाढ. चांगल्या दिवशी सगळी साचलेली कामं उरकायची आणि मग तीन दिवस आडवं पडायचं, हा प्रकार दिवाळीच्या साफसफाईत हमखास दिसतो.

२ एप्रिल. उसळीचं पान

दुखणं पुन्हा उसळतंच. हे चौथ्या आठवड्यातच सांगायचं, आठव्यात नाही.

क्रम: एकदा, फक्त एकदा, पहिलं पान वाचून धोक्याच्या खुणा बघा. नसतील तर स्वतःला एक वाक्य: ‘हे आधीही येऊन गेलंय.’ दोन दिवस शेक आणि हलकी हालचाल, पण दिवसाचा क्रम मोडायचा नाही. निम्मं काम करा, रजा टाकू नका. ‘कशाने झालं?’ याचा शोध घ्यायचा नाही. काल काय खाल्लं, कोणत्या कुशीवर झोपलो, खड्ड्यात गाडी आदळली का, हा तपास म्हणजे पहाऱ्याची रात्रपाळी. एखादं कारण सापडतंही, आणि मग आयुष्यातून आणखी एक गोष्ट वजा होते.

कंबर शांत झाली आणि मान धरली, पोट बिघडलं, असंही होतं. लक्षण खरोखर नवीन असेल तर डॉक्टरांना एकदा दाखवून घ्यायचं आणि नंतर तेच नियम. त्याच्यासाठी नवीन वही नाही.

९ एप्रिल. भावनांचं पान

दुखण्यावर लक्ष खिळलं की बाकीचं बघावं लागत नाही: भावाशी जमिनीवरून चाललेला वाद, वरिष्ठांचा राग, आजारपणातल्या सासऱ्यांचं करून आलेला वीट आणि वीट आला म्हणून आलेली शरम. हे उघड बोलायची सोय आपल्याकडे कमी, कंबरेबद्दल बोलायची भरपूर. लुमली आणि शुबिनर या अमेरिकन संशोधकांनी बांधलेल्या भावना-जाणिवेच्या पद्धतीचा २०२४ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग इथे दिला: अमेरिकेतले १२६ वयस्क माजी सैनिक, दुखणं किमान ३० टक्क्यांनी उतरलेले या पद्धतीत ६३ टक्के, विचार-वर्तन उपचारात १७ टक्के.

सराव साधा: आठवड्यातून तीन दिवस, पंधरा मिनिटं, कागदावर, जे कोणाला बोललो नाही ते. शुद्धलेखन बघायचं नाही. लिहून झालं की फाडायचं, नाहीतर माणूस घरच्यांच्या हाती पडेल या धास्तीने सभ्यच लिहितो. मारहाण, अत्याचार, मोठा आघात यांच्या आठवणी येत असतील किंवा जगणं नको वाटत असेल तर एकट्याने हे करायचं नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक या पानावर मोठ्या अक्षरांत.

आणि इथला सापळा: ‘कोणत्या रागाने हे दुखतंय?’ याचं उत्खनन सुरू होतं. प्रत्येक कळेमागे एक भावना शोधायची म्हणजे पहारेकऱ्याने गणवेश बदलला, काम तेच. लिहिताना दुखण्याचा उल्लेख करायचा नाही, हा नियम म्हणून घातला.

२८ एप्रिल. सातवा-आठवा आठवडा आणि छपाई

शेवटचे दोन आठवडे वही पातळ करण्याचे. ध्वनिफीत दिवसाआड, मग फक्त उसळीत. लिखाण आठवड्यातून एकदा. मोकळ्या झालेल्या वेळात दुखण्याशी संबंध नसलेलं ठरावीक काम, वार आणि वेळ लिहून: मंगळवारी भजनी मंडळ, शनिवारी बाजार, बंद पडलेला हार्मोनियमचा क्लास. ‘बरा झालो की जाईन’ हे वाक्य ज्याच्या तोंडी असेल, त्याने आधी जायचं. सगळे सराव चोख करून पुन्हा ‘अजून का गेलं नाही?’ विचारणारे भेटतात. त्यांना जास्त सराव द्यायचा नाही, कमी द्यायचा. ‘मी बरा होतोय का?’ हा प्रश्न सकाळच्या झाडाझडतीचाच भाऊ आहे, तो पहाऱ्याच्या यादीत शेवटी जोडला.

छापखान्यासाठी: ए५ आकार, आडवं पडून धरता येईल इतकी हलकी, अक्षर मोठं, धोक्याच्या खुणा मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला. घरच्यांचं पान छिद्ररेषेवर. आठव्या आठवड्यानंतर ‘टिपणं’ म्हणून कोरी पानं जोडू नयेत, तिथे दुखण्याची डायरी सुरू होते. ध्वनिफीत ३ अजून चाळीस सेकंदांनी लांब आहे. वाकण्याच्या सूचनांमधला ‘हळूच’ हा शब्द सगळीकडून काढून पुन्हा ध्वनिमुद्रण करायचं आहे.